पाय दिसले पाहिजेत

"मॅडम, आठ महिन्यांचा झालाय, कोणता वॉकर घेऊ?" महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न येतो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मुलांच्या हालचाली न्याहाळणं हेच माझं काम. उत्तर ठरलेलं: "घेऊच नका. धरून उभा राहायला लागला, की माळ्यावरचा पांगुळगाडा उतरवा."

आया हसतात. मॅडमना जुन्याचं भारी कौतुक! तसं नाही हो. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. गाडा पळाला तर तोल त्यानंच सावरायचा, उंबरठ्याला अडला तर सोडवायचाही त्यानंच. वॉकरमध्ये ते झोळीत बसून चवड्यांनी जमीन रेटतं, आणि पुढच्या ट्रेमुळे त्याला आपले पायच दिसत नाहीत. सीगल आणि बर्टन यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच तपासलं. पाय झाकणाऱ्या वॉकरमधली मुलं बसायला, रांगायला आणि चालायलाही उशिरा लागली होती. जिन्यावरून गडगडण्याचा धोका वेगळाच; कॅनडात तर २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे.

पाय दिसण्यात एवढं काय? हेल्ड आणि हाइन यांचा १९६३ चा प्रयोग मी पालकांना गोष्टीसारखा सांगते. एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना मांजरीची दोन पिल्लं. एक आपल्या पायांनी चालायचं. दुसरं टोपलीत बसून, पहिलं नेईल तसं फिरायचं. भोवतीच्या भिंतीवरचे पट्टे दोघांना सारखेच दिसत. उरलेला वेळ दोघंही अंधारात. पुढे टेबलाच्या कडेशी नेलं, तर चाललेलं पिल्लू पंजे पुढे करी, टोपलीतलं करत नसे. खोल बाजू कुठली, उथळ कुठली, हेही त्याला उमगेना. डोळे शाबूत होते, पण दिसलेल्याचा आणि हललेल्याचा हिशेब कधी जुळलाच नव्हता. उजेडात मोकळं सोडल्यावर दोन दिवसांत तेही सावरलं.

हा हिशेब मूल पडून-पडूनच जुळवतं. कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना मोजली: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. सतरा! आपण तिसऱ्यांदाच उचलून कडेवर घेतो.

एक कबुलीही देऊन टाकते. सुरुवातीच्या वर्षांत मीही मुलांना अरुंद फळीवरून चालवत असे आणि "वाचनही सुधारेल" असं पालकांना छातीठोक सांगत असे. कावाले आणि मॅटसन यांनी १९८३ मध्येच १८० अभ्यास एकत्र पडताळून दाखवलं होतं, की अशा कसरतींनी अभ्यासात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मी ते फार उशिरा वाचलं. फळी अजून आहे माझ्याकडे, पण ती तोल सांभाळायला. वाचायला वाचावंच लागतं.

गेल्या महिन्यात एक आजोबा नातवाबरोबर पांगुळगाडाच घेऊन आले. चाकं गुळगुळीत फरशीवर सुसाट पळत होती, पोर मागे फरफटत होतं. "आमच्या वेळी शेणानं सारवलेली जमीन होती, एवढा पळायचा नाही," आजोबा म्हणाले. आम्ही चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, पुढच्या दांडीवर दोन किलो तांदळाची पिशवी बांधली. पोरानं गाडा ढकलला, थांबलं, आणि खाली वाकून आधी पावलांकडे पाहिलं.