पोटखराब्यातली फुलं

सातबाऱ्यावर आमच्या गावच्या सड्यापुढे शब्द आहे, पोटखराबा. म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. मे महिन्यात मालवण तालुक्यातला कुठलाही सडा बघा, हा शब्द पटतो. काळपट जांभा, वर ऊन, चपलेतूनही चटका. पण पहिले दोन-चार पाऊस झाले की कातळाच्या खळग्यातल्या बोटभर मातीतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. मग सीतेची आसवं, पांढरे गेंद आणि किडे खाणारा दवबिंदू.

गेली तीन वर्षं पावसात घरी आलो की मी यातली काही झाडं दाबून, वाळवून हर्बेरियमची शीटं करतो. कोड लिहिणाऱ्याला हे कुठून सुचलं, असं मित्र विचारतात. त्यांना मी थिओडोर कुक सांगतो. रेल्वेचा इंजिनिअर, पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य, आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्याच्याच नावावर. १९०१पासून तो भागाभागांनी छापला गेला. म्हणजे आपल्या शाखेत ही जुनी खोड आहे.

कोकणच्या पावसात झाड वाळवणं हा वेगळाच छळ. कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथं फुलाचं काय. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये झाड पसरायचं, एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे पाठही दिसते, वर फळी आणि चिरा. कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी. ओले कागद मी चुलीजवळ शेकतो. आजी म्हणते, "मेल्या, ह्यां गवत कित्याक सुकयतंस?" पण रद्दी तीच जपून ठेवते.

कंदवाली झाडं तर प्रेसमध्येही मरत नाहीत, दाबलेल्या गठ्ठ्यात नवं पान काढतात. त्यांचा कंद आधी उकळत्या पाण्यात बुडवावा लागतो. सीतेची आसवं इतकी नाजूक की हातात घेतली की गोळा होतात. ती ताटातल्या पाण्यावर तरंगवायची आणि खालून हळूच कागद उचलायचा. दीपकाडी मात्र मी उपटत नाही. १८५०मध्ये डॅल्झेलनं तिचं वर्णन छापलं, तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, आणि ती इथल्या सड्यांचीच. तिचा फोटो आणि जीपीएस, बस.

वाळलेलं झाड साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर लावलं की उजव्या कोपऱ्यात लेबल. माझ्या मते खरं शीट म्हणजे तेवढंच. तारीख, जागा, उंची, कातळ की डबकं, आणि फुलाचा ताजा रंग, कारण तो वाळल्यावर उडतो. लेबल नसेल तर ते झाड म्हणजे वहीत ठेवलेलं गुलाबाचं फूल. लेबल असेल तर शंभर वर्षांनी कुणीही म्हणू शकतं, हे इथं, या दिवशी होतं. टाइमस्टॅम्प नसलेल्या लॉगवर आपणही विश्वास ठेवत नाहीच की.

या जिल्ह्याचं असं काम आधी झालेलं आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं १९८८मध्ये बी. जी. कुलकर्णी यांचा सिंधुदुर्गाच्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला. सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५पासून पुण्यातच आहे, माझ्या ऑफिसपासून बाइकवर वीस मिनिटं.

माझी सगळ्यात चांगली शीटं सड्याच्या पश्चिम टोकाची. पांढरे गेंद, दवबिंदू, सगळ्यांवर अक्षांश-रेखांश आहेत. या जूनमध्ये फोनवर तोच आकडा टाकून चालत गेलो तर बिंदू हवेत. तिथं आता चिरेखाण आहे. तळाशी हिरवं पाणी, आणि कडेला विक्रीसाठी रचलेले चिरे. खाणवाल्याचे कागद पूर्ण आहेत असं गावात सांगतात. असतीलच. पोटखराब्यात फोडण्यासारखं दगडाशिवाय काही नसतं, असं सातबाराच म्हणतो.

पूर्वेकडचा अर्धा सडा अजून आहे. येत्या ग्रामसभेत तोही विषय आहे. मी एकवीस लेबलांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात.