बिघाड यंत्रात की भिंतीत?

मैत्रिणींनो, एसी आता केवळ शहरातल्या श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. आमचा खालापूर तालुका बोरघाटाच्या पायथ्याशी. मे महिन्यात इथं ऊन आणि दमटपणा दोन्ही सोसावं लागतं. म्हणून हप्त्यांवर का होईना, घरोघर एसी आले. पण तो बंद पडला की आपण घाबरतो, आणि येणारा मेकॅनिक दारातच विचारतो, "साहेब आहेत का घरी?" जणू विजेचं बोलणं बायकांशी करायचंच नसतं!

गेल्या उन्हाळ्यात आमचा एसी वारा द्यायचा, पण गार करायचा नाही. आलेल्या गृहस्थांनी बाहेरच्या युनिटकडे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, कॉम्प्रेसर गेला. पंधरा हजारांची तयारी ठेवा." ना हातात मीटर, ना झाकण उघडलेलं. मी म्हटलं, "भाऊ, आधी मोजून तर बघा." ते रागावून निघून गेले. दुसऱ्या वायरमननं कपॅसिटर मोजला, तो कमजोर झाला होता. काहीशे रुपयांत नवा बसला आणि खोली पुन्हा गार झाली.

मी बी.ए. झालेली, विज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरताच. तरी एक क्रम मी शिकून घेतला आहे: आधी भिंत, मग यंत्र. बिघाड पुष्कळदा एसीत नसतोच. तो बटणाच्या बोर्डात, प्लगमध्ये किंवा व्होल्टेजमध्ये असतो.

सुरुवात रिमोटपासून करा. सेल उतरलेत का? मुलांनी 'कूल'ऐवजी 'फॅन' तर लावलं नाही ना? मग मीटरजवळच्या पेटीत एसीचा एमसीबी बघा. तो पडला असेल तर एसीचं बटण बंद करून एकदाच वर करा. एसी लावल्यावर पुन्हा पडला, तर हट्ट धरू नका. पेटीत 'टेस्ट' असं लिहिलेलं बटण असलेला आरसीसीबी पडत असेल, तर करंट कुठेतरी गळतो आहे असं समजा आणि वायरमनला बोलवा.

नंतर प्लग. त्याला जळका वास येतो का, तो तपकिरी पडला आहे का, हे लांबूनच बघा. तसं दिसलं तर हात न लावता एमसीबी खाली करा. सैल सॉकेट तापतं आणि तिथूनच आग लागते. एसीला १६ अँपियरचं स्वतंत्र सॉकेट हवं. एक्स्टेन्शन बोर्डावर तो कधीही लावू नका.

स्टॅबिलायझर असेल तर त्याचा आकडा वाचा. घरात साधारण २३० व्होल्ट यायला हवेत. सगळ्यांचे एसी एकदम लागले, की संध्याकाळी व्होल्टेज उतरू शकतं. मग कॉम्प्रेसरची मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि थांबते. अशा वेळी तक्रार महावितरणकडे करायची, मेकॅनिकला पैसे देऊन उपयोग नाही. शिवाय वीज जाऊन आली की तीन मिनिटं तरी थांबा. आतल्या गॅसचा दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसर नीट सुरू होत नाही.

सगळं ठीक असेल तर जाळी धुवा आणि बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो का, ते खिडकीतून बघा. नुसता गुंजारव येतोय आणि पंखा जागचा हलत नाही, असं असेल तर कपॅसिटरचा संशय घ्यावा. मात्र इथं आपला हात थांबला पाहिजे. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठलेला करंट जोराचा झटका देऊ शकतो. झाकण उघडणं हे जाणकाराचंच काम.

पण प्रश्न विचारणं आपलं काम आहे. क्लॅम्प मीटरनं करंट किती आला, युनिटवरच्या पट्टीवर किती लिहिला आहे, कपॅसिटर मोजला का? आणि "गॅस संपला" म्हणाले, तर गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरतो. पेट्रोलसारखा तो जळून संपत नाही. गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार.

१९१५ साली आमच्या खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. तिथल्याच आम्ही बायका विजेपुढे गप्प राहिलो, तर शोभेल का?

एक छोटी वही करा. तारीख, काय झालं, काय बदललं, किती पैसे दिले, सगळं लिहून ठेवा. वही समोर ठेवली की मेकॅनिकही मुद्द्याचं बोलतो आणि बोलतो ते आपल्याशीच.