पाच रुपयांची पुडी

बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत लेकीला साबण-पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. मार्केटिंग म्हटल्यावर मला वाटलं, थंड ऑफिसात बसून जाहिराती करायच्या असतील. पण पहिल्याच दिवशी तिच्या हातात किराणा दुकानांची यादी दिली. एका दिवसात फिरायच्या दुकानांना त्या धंद्यात ‘बीट’ म्हणतात. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, मानधन जेमतेम रिक्षाभाड्यापुरतं.

“जवान पोरीला दुकानोदुकान फिरवता?” तिच्या फुफीने विचारलंच. हिची दादी विड्यांची टोपली घेऊन रोज कारखान्यात जायची, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. फुफी गप्प झाल्या.

काम सोपं होतं. माल आहे का, समोर मांडलाय का, किती दिवसांत संपतो, एवढं फॉर्मात भरायचं. पण दुकानदार वेगळंच सांगू लागले. पाच रुपयांच्या पुडीचा भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसरी पुडी मागतं. म्हणून भाव तोच ठेवून आतली पावडर कमी करतात. हे बेकायदा नाही. 2011 च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे वजन आणि एमआरपी छापलेली असावी लागते. पण रोजच्या रोज पुडी नेणारी बाई वजन कुठे वाचते? ती एवढंच म्हणते, “पहिल्यासारखा फेस येत नाही.” आणि बोलणी खातो दुकानदार.

फॉर्मात याला रकाना नव्हता. लेकीने साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “विचारलंय तेवढंच लिही.” प्रमाणपत्र त्यांच्याच सहीचं. ती दोन दिवस नीट जेवली नाही. मला तर वाटत होतं, कशाला वाकड्यात शिरतेस? तिच्या अब्बांनी मात्र विचारलं, “दुकानदारांनी सांगितलं ते खरं आहे ना?”

तिने वेगळा कागद जोडला. कुठल्या दुकानात काय तक्रार आली, एवढंच. स्वतःचं मत एका ओळीचंही नाही.

प्रमाणपत्र मिळालं, शेरा ‘समाधानकारक’. तिच्यासोबतच्या मुलाला ‘उत्कृष्ट’. तो कागद पुढे गेला की टोपलीत, कळलं नाही. आता तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने हाच विषय घेतलाय. घरात रिकाम्या पुड्या फेकायची मला परवानगी नाही.