धाब्यावर माती कोण टाकणार?

पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे माहूरचे डोंगर आणि नांदेड. या सरहद्दीच्या पट्ट्यात, महागाव तालुक्यात, फुलसावंगी आहे. आजूबाजूला कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारी काळी जमीन. वैशाखातल्या दुपारी या भागातल्या एखाद्या जुन्या मातीच्या वाड्यात शिरलं की बाहेरचं ऊन उंबऱ्यालाच अडतं. हातभरापेक्षा जाड भिंती, ठेंगणं दार, आत शेणानं सारवलेल्या जमिनीचा मंद वास, आणि कोनाड्यापुरता उरलेला उजेड. डोळे सरावायला जरा वेळ लागतो, मग लाकडी खांब, धान्याची कणगी, धुरानं काळं पडलेलं आढं एकेक करून दिसू लागतं. अशा वाड्यांची संग्रहालयं करावीत ही कल्पना आता गावोगाव बोलली जाते, आणि ती मनापासून पटण्यासारखी आहे. फक्त तिची सुरुवात बहुतेकदा काचेच्या कपाटांपासून होते. माझ्या मते पहिला प्रश्न आत काय मांडायचं हा नाहीच. धाब्यावर माती कोण टाकणार, हा आहे.

कारण मातीचं घर एकदा बांधून संपत नाही. सागाच्या तुळया, त्यांवर दाट बसवलेल्या काड्या-फाट्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, असं हे धाबं असतं. ही पांढरी माती भिजली की दाटून बसते आणि पाणी सहसा खाली उतरू देत नाही. पण उन्हानं तिला भेगा जातात, वाऱ्यापावसानं ती झिजते, उंदीर-घुशी ती पोखरतात. म्हणून मृग लागायच्या आत वर चढून जुनी माती उकरायची, भेगा बुजवायच्या, नवी टोपलीभर माती पसरून चोपायची, उतार पन्हळीकडे आहे ना ते बघायचं. नुसतीच माती वाढवत गेलं तर ओझ्यानं तुळई वाकते, हेही जाणत्यालाच कळतं. खाली बायकांनी भिंती पोतारायच्या, ओसरी सारवायची. दोन-चार पावसाळे हे काम थांबलं की पाणी तुळईच्या टोकापर्यंत पोचतं, आणि शंभर वर्षं उभा राहिलेला वाडा पाहता पाहता खाली बसतो. माणसं शहरात गेली म्हणून वाडा पडला असं आपण म्हणतो. खरं तर वर चढणारं माणूस उरलं नाही, म्हणून तो पडला.

यावर सोपा उपाय सुचवला जातो: सिमेंटचा गिलावा करा, वर स्लॅब टाका, वाडा कायमचा टिकेल. टिकेल ते दुसरंच काही. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट लिंपलं की आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. विदर्भातच याहून शहाणं उदाहरण आहे. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, तेव्हा झोपडीला शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च नको आणि सामान जवळपासचंच हवं, असा त्यांचा आग्रह होता. माती, बांबू, कवेलू यांचीच ती घरं. आज तिथल्या बापू कुटीत भिंतीवर गांधीजींची शिष्या मीराबेन हिनं मातीत उठवलेली ताडाची झाडं दिसतात, ती त्या भिंतीची डागडुजी मातीनंच होत राहते म्हणून. उलट बाजूला पुण्याचं केळकर संग्रहालय पाहावं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी वाचवले आणि संग्रहालयात तो महाल पुन्हा उभा केला. ते ऋण मोठंच आहे. तरी तिथे कोरीव काम मिळतं, त्या महालाभोवतीचा वारा आणि अंगण मिळत नाही. घर जागेवरच राखता येत असेल तर ते तिथेच राखावं.

अधिक गंभीर आक्षेप वेगळाच आहे. वाडा कुणाचा? पाटला-देशमुखांचा, सावकाराचा. त्याच्या ओसरीवर शेतकऱ्यांनी अंगठे उठवले, त्याच्या आडावर सर्वांना पाणी नव्हतं. मग गावानं तो का जपावा? हा प्रश्न टाळून केलेलं संग्रहालय खोटं ठरेल. पण घर राखलं तरच ही गोष्ट जागेवर दाखवता येते. पुण्याच्या गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. फुलेवाड्याच्या आवारात उभं राहून ती घटना जशी उमगते, तशी फलक वाचून उमगत नाही. तसंच इथेही. कोणत्या दारानं कोण आत येई, कुणाला कुठल्या पायरीवर थांबावं लागे, हे वाड्याची रचनाच सांगते. आणि ज्यांनी भिंती पोतारल्या, धाबं चोपलं, त्यांचं नाव खरेदीखतात कधीच नव्हतं. त्यांचं काम संग्रहालयात जिवंत ठेवलं तर तो वाडा प्रथमच त्यांचाही होईल.

राहतं घर संग्रहालयात घालवू नये, असंही म्हणतात. लंडनमध्ये बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घेतलं, तेव्हा तिथल्या पालिकेचा आक्षेप नेमका हाच होता. २०२० मध्ये परवानगी मिळाली. ज्या शहरात घरांची टंचाई आहे तिथे तो आक्षेप रास्त आहे. आपल्याकडच्या गावांतले कितीतरी वाडे मात्र कुलूप लावून रिकामे पडलेत. तिथे कुणाचं छप्पर हिरावलं जात नाही. इथली अडचण उशिराची आहे. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या ज्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये फुल्यांची मुलींची शाळा भरली, त्याचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी जागा मोकळी करताना ती जीर्ण वास्तू पाडावी लागली. मातीच्या वाड्याला तर इतकीही मुदत मिळत नाही. म्हणून निधीच्या कागदावर दिवे, कपाटं आणि उद्‌घाटनाच्या कोनशिलेच्या आधी एक ओळ असावी: दरसाल मृगाआधी धाब्याची माती, आणि ती टाकणाऱ्या मिस्त्रीची व पोतारणाऱ्या बायकांची मजुरी. गावातली दोन तरणी पोरं त्या मिस्त्रीच्या हाताखाली त्याच पैशातून शिकतील.