ताग्यावरचं तिकीट

कमर्शियल आर्टच्या पहिल्या वर्षी आम्हाला सगळ्यात आधी काळ्याकडून पांढऱ्याकडे चालायला लावलं. एकेक इंचाचे दहा चौकोन. पहिला काळा, दहावा पांढरा, मधले आठ राखाडी, आणि दर दोन चौकोनांतला फरक सारखा हवा. ऐकायला बालवाडीतलं काम. करायला बसलं की चौथ्या-पाचव्या चौकोनाशी घोडं पेंड खायचं. पोस्टर कलर ओला असताना एक दाखवतो आणि वाळला की भलतंच. सातवा चौकोन जमला म्हणून खुशीत आठवा भरावा, तर सातवा वाळून आठव्याच्या शेजारी मांडी घालून बसलेला. ती पट्टी मी अकरा वेळा केली.

लालबागच्या आमच्या चाळीत खोली दहा बाय बाराची आणि माणसं सात. अर्ध्या इम्पिरिअल कागदाचा ड्रॉइंग बोर्ड दिवसा टेकवायला जागा नसे. रात्री अंथरुणं पडली की मी बोर्ड घेऊन गॅलरीत सामाईक दिव्याखाली बसायचो. बाबा दुसऱ्या पाळीहून साडेबाराला येत. एका रात्री चपला काढता काढता ते माझ्या पाठीशी थांबले आणि म्हणाले, "पाचवो नि सहावो एकच आसत."

मी वैतागून बोर्ड उलटा केला. सकाळी उन्हात डोळे बारीक करून बघितलं. एकच होते.

बाबा गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरून, धुऊन-रंगवून आलेलं कापड तिथे डोळ्यांखालून जायचं. तुटलेला दोरा, तेलाचा ठिपका, एका ताग्याची सफेदी दुसऱ्याहून किंचित पिवळी, हे सगळं उजेडात धरून वेगळं काढायचं. मग घडी, मग शिक्का, मग तागा बांधून वर तिकीट. पांढऱ्यातून पांढरं निवडण्याचा त्यांना वीस वर्षं पगार मिळत होता, आणि तीच गोष्ट शिकायला मी फी भरत होतो. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. वडिलांना कलेतलं काही कळत नाही, हे त्या वयात गृहीतच असतं.

ताग्यावरचं तिकीट म्हणजे तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं रंगीत छापील चित्र. गजलक्ष्मी, मोर, हत्ती, हातात कमळ घेतलेली कोणी बाई, कडेला सोनेरी शाई. जुन्या काळी विलायती कापडाबरोबर अशी चित्रं यायची, मग इथल्या गिरण्यांनीही काढली. गिऱ्हाइकाला वाचता येत नसे, पण मोर ओळखता येई. मोर दिसला की कापड खात्रीचं. 'ब्रँड' हा शब्द आमच्यापर्यंत यायच्या आधी मराठीत 'छाप' होता: घोडाछाप, मोरछाप, चावीछाप. बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी अशी चाळीसेक तिकिटं होती, खात्यातल्या जुन्या माणसांकडून मिळालेली. आम्ही पोरं ती काढून पत्त्यांसारखी वाटून खेळायचो. जाहिरात मी शिकायला गेलो त्याच्या कितीतरी आधी तिच्याशी खेळलो होतो.

मुंबईत हे शिक्षण म्हणून सुरू झालं ते उशिराच. सर जे. जे. कलाशाळा 1857 सालची, पण तिथे कमर्शियल आर्टचा विभाग निघाला 1935 साली. धंदा मात्र थांबला नव्हता. बी. दत्ताराम ही जाहिरातसंस्था गिरगावात 1905 पासून होती. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 मध्ये आमच्या परळात विको सुरू केली, तेव्हा दंतमंजन दारोदार जाऊन विकलं जात होतं. दार वाजवणं हीच जाहिरात. आणि दादासाहेब फाळके! 1885 मध्ये जे. जे.त दाखल झालेला हा माणूस. दादरला बिऱ्हाड करून 'राजा हरिश्चंद्र' काढला, तो 1913 च्या मे महिन्यात गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेला प्रेक्षक येईनात, तेव्हा त्यांनी चित्रपटाची जाहिरात कशी केली म्हणून सांगतात? सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांब चित्र, आणि सगळं तीन आण्यांत. सिनेमा मापून विकला! कापडासारखा. ही गोष्ट आमच्या सरांनी सांगितली तेव्हा वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येऊन बाबांना सांगितली तर ते हसले नाहीत. "बरोबर हां," म्हणाले. "लांबी सांगितली की माणसाक इश्वास येता."

आमचे अभ्यास असे. एक वस्तू घ्या, तीस वेगवेगळ्या तऱ्हांनी काढा. मी बाबांचा डबा घेतला. दहा चित्रांपर्यंत डबा संपतो. पंधराव्यापर्यंत हात नुसती कसरत करतो. विसाव्याच्या पुढे कुठेतरी झाकणावरचा पोचा दिसतो, कडीला बांधलेला सुतळीचा तुकडा दिसतो, आणि हा डबा गर्दीतून छातीशी धरून नेला जातो म्हणून एकाच बाजूला झिजलाय हे कळतं. दुसरा अभ्यास अक्षरांचा. बोरूनं देवनागरी गिरवायची. आणि एकदा चर्नी रोडपासून ठाकूरद्वारपर्यंत चालत दहा पाट्या उतरवून आणायच्या होत्या. डॉक्टरची पत्र्याची पाटी, खानावळीची फळ्यावरची, वाडीच्या तोंडाशी भाडेकरूंच्या नावांची. त्यांतला 'ळ' प्रत्येक रंगाऱ्याचा निराळा. शेजाऱ्यांकडचं वर्तमानपत्र शिळं झालं की मी नाटकांच्या जाहिरातींचं पान मागून घ्यायचो. कमल शेडग्यांनी काढलेली नाटकांची नावं कापून वहीत चिकटवायचो. नाटक बघायला पैसे नव्हते, पण दामोदर हॉलला काय लागलंय आणि ते रडवणार की हसवणार, हे त्या अक्षरांच्या वळणावरून सांगता यायचं. इंग्रजी अक्षरांसाठी घासून उमटवायची लेट्रासेटची शीटं मिळत. ती महाग, माझ्या आवाक्याबाहेरची. मराठीची तशी शीटं माझ्या पाहण्यात नव्हती, त्यामुळे मराठी शीर्षक हातानंच काढावं लागे. गरिबीचा असाही एक फायदा.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं. पहिले काही आठवडे चाळीत सुट्टीचं वातावरण होतं. गॅलरीत पत्ते, खाली संपाचे पुढारी डॉक्टर सामंत यांच्या सभेच्या गप्पा. भोंगा वाजत नव्हता, त्यामुळे सकाळ कधी झाली ते कळायचं नाही. मग एकेक खोली कुलूपबंद होऊ लागली. कोणी देवगडला गेलं, कोणी पाटणला. आई पापड लाटायला लागली. माझ्या फीचं काय झालं ते मी विचारलं नाही. तिच्या हातातल्या बांगड्या आता काचेच्या होत्या.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि टर्मचा मोठा प्रकल्प मिळाला. सुती शर्टिंगची पूर्ण कॅम्पेन: तीन वर्तमानपत्री जाहिराती, एक पोस्टर, दुकानातलं शो-कार्ड, आणि ताग्याचं लेबल. हाच विषय दरवर्षी असायचा, त्यात कोणाचा काही हेतू नव्हता. फळ्यावर विषय लिहिला गेला तेव्हा वर्गात गिरणगावचे आम्ही तिघं होतो. एकमेकांकडे बघितलं आणि वही उघडली.

प्रथम काडेपेटीएवढाले स्क्रिबल. पन्नास करायचे, त्यांतले चाळीस फेकायचेच असतात, पण ते केल्याशिवाय उरलेले दहा येत नाहीत. तेव्हा 'ओन्ली विमल'चा जमाना होता. पानभर रंगीत, झुळझुळीत, त्यातलं जोडपं नेहमी कुठेतरी निघालेलं. आमच्या सगळ्यांच्या स्क्रिबलमध्ये तेच जोडपं शिरलं. मी फाउंटनच्या फुटपाथवरून जुनं परदेशी मासिक आणलं, त्यातला वेताच्या खुर्चीतला माणूस उचलला, आणि त्याला आमच्या सुती शर्टात बसवला. शर्टाच्या सुरकुत्यांवर तीन रात्री घातल्या. सर बराच वेळ बघत राहिले. "माणूस छान," म्हणाले, "खुर्ची तर फारच छान. कापड कुठाय? तू कापडाला हात लावलायस का कधी?"

हा प्रश्न मला, लालबागच्या गिरणीकामगाराच्या मुलाला! राग आला. पण खरं सांगायचं तर त्या प्रकल्पासाठी मी कापड हातात घेतलंच नव्हतं. म्हणून हिंदमाताच्या कापडबाजारात गेलो आणि बाबांच्याच गिरणीचं अर्धा मीटर पांढरं पॉपलिन घेतलं. दुकानदारानं शिक्का दाखवला. संपाला सहावा महिना चालू होता, तेव्हा हा जुना माल असणार असं वाटलं.

बाबा खिडकीशी बसले होते. आताशा ते तिथेच बसायचे. कापड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घडी उलगडली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये किनार धरून टोकापर्यंत नेली, थांबले, परत मागे आणली.

"ह्यां कापड आमचां नाय."

मी शिक्का दाखवला.

"शिक्को आमचो. कापड नाय."

मग त्यांनी मला किनार वाचायला शिकवली. साच्यावर कापड ताणून धरायला दोन्ही कडांना टेंपल असतं. त्याच्या दातांच्या बारीक खुणा किनारीत राहतात. त्या कशा एका ओळीत हव्यात, इथे कशा हलल्यात. कडेचे दोरे कुठे सैल पडलेत. उजेडासमोर धरलं की बाण्यात कुठे दाट, कुठे विरळ. हे भिवंडीच्या यंत्रमागावरचं आहे, म्हणाले. संपाच्या काळात गिरण्यांनी बाहेरच्या मागांवरचं कापड घेऊन आपल्या नावानं विकलं, हे पुढे अभ्यासकांनी लिहिलं आणि मी वाचलं. मला ते त्या दुपारी खिडकीशी कळलं होतं. विचित्र म्हणजे बाबा चिडलेले नव्हते. जानेवारीपासून ते एवढं सलग बोलले नव्हते. मधेच म्हणाले, भिवंडीतल्या पोरानं पण काही वाईट विणलेलं नाही, त्याला साचाच तसला दिलेला आहे.

वेताच्या खुर्चीतला माणूस मी बाजूला ठेवला. नवीन पोस्टरमध्ये फक्त किनार घेतली, पन्नासपट मोठी. उभ्या कागदाच्या डाव्या बाजूला वरून खालपर्यंत दोरे, शून्य नंबरच्या ब्रशनं एकेक, पांढऱ्यावर पांढरे. त्यासाठी दहा चौकोनांच्या पट्टीतले शेवटचे तीन चौकोन पुरले. मात्र त्या तिघांच्या मध्ये आणखी वीस पायऱ्या सापडल्या. टेंपलच्या खुणा सरळ ओळीत, बाबांनी सांगितल्या तशा. उजवीकडे जागा मोकळी, आणि खाली हातानं काढलेली तीन शब्दांची ओळ: किनार बघून घ्या. ओळ त्यांचीच होती. दुकानात आईला ते नेहमी हेच सांगत.

लेबलासाठी ट्रंकेतली तिकिटं पुन्हा काढली आणि बाबांना विचारलं, कोणतं घेऊ. त्यांनी मोर काढून दिला. मी मोर काढला नाही, मोराच्या पिसाऱ्याच्या जागी दोरे काढले. ते फार हुशारीचं झालं होतं. आज मी ते करणार नाही.

सबमिशनच्या सकाळी ऑगस्टचा पाऊस कोसळत होता. प्लॅस्टिकची मोठी पिशवी नव्हती, बोर्ड भिजला असता. मी मोरीत तोंड धुवत होतो तेवढ्यात बाबांनी पोस्टर जमिनीवर पालथं घातलं, कोपऱ्याला कोपरा जुळवला, तळहात फिरवला आणि बरोबर मधोमध घडी घालून आईच्या पापडाच्या पिशवीत सरकवलं. मी ओरडलो. कागद म्हणजे कापड नव्हे, हे मी त्यांना ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. ते म्हणाले, "भिजणार नाय." खरंच भिजलं नाही.

परीक्षक म्हणून एका एजन्सीतले गृहस्थ आले होते. पोस्टरसमोर उभे राहून त्यांनी आधी घडीवर बोट ठेवलं. प्रेझेंटेशनचे गुण तिथेच गेले. मग ओळ वाचली, मला इंग्रजी हेडलाइन विचारली. नाही म्हटल्यावर जरा गोंधळले. त्या काळी, आणि आजही, मराठी जाहिरात म्हणजे इंग्रजीतून उतरवलेली ओळ, उलट दिशेनं कोणी जात नसे. शेवटी म्हणाले, "ओळ चांगली आहे. पण क्लायंट तुला दारात उभा करणार नाही." त्यांना आतली गोष्ट ठाऊक होती की नुसतंच म्हणाले, मला कळलं नाही. सरांनी मात्र चष्मा काढून किनारीजवळ नाक नेलं आणि बराच वेळ तसेच राहिले. "घडी कोणी घातली?" त्यांनी हळूच विचारलं. मी सांगितलं. "सरळ आहे," ते म्हणाले.

दिवाळीनंतर बाबा गावी गेले. गिरणीत परत गेलेच नाहीत. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नव्हता, तसं ते बोलून दाखवत. मी विझ्युअलायझर झालो, शर्टांच्या जाहिराती पुष्कळ केल्या, वेताच्या खुर्च्याही पुष्कळ काढल्या. पहिल्या पगाराला त्यांच्यासाठी दादरहून शर्ट घेऊन गेलो, आणि मग दर वर्षी नेत राहिलो. ते तो आधी उलटा करायचे, बगलेची शिवण बोटांनी उघडून बघायचे. आत ओव्हरलॉक मारलेला असायचा, कापड कडेला कापून गेलेलं.

"किनार खंय?" ते विचारायचे.