सात नव्वे त्रेसष्ट

आमचे वडील वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी देवाघरी गेले. त्यामुळे आम्हांस स्वतःला ते वर्ष लागले, तेव्हा मनात पाल चुकचुकली. वरकरणी आम्ही हसत होतो. परंतु प्रवास टाळत होतो, भेटीगाठी पुढे ढकलत होतो.

ही भीती फार पुरातन आहे, हे पुढे वाचनात आले. प्राचीन ग्रीकांनी आयुष्यातील अशा घातवर्षांना शिडीच्या पायरीवरून नाव दिले होते. दर सातवे वर्ष देहाला, तर दर नववे मनाला धोक्याचे, असे काही जण मानीत. सेन्सोरिनस या रोमन लेखकाने इ. स. २३८ मध्ये या समजुतींची नोंद करून ठेवली आहे. सात नव्वे त्रेसष्ट. म्हणजे या एका पायरीवर दोन्ही संकटे एकत्र येतात! म्हणूनच ती सर्वांत बिकट समजली जाई.

जगज्जेता सम्राट ऑगस्टसही या धास्तीतून सुटला नव्हता. इ. स. १ मध्ये, २३ सप्टेंबर या आपल्या जन्मदिनी, त्याने दूर पूर्वेकडे मोहिमेवर असलेल्या नातवाला, गायसला, पत्र लिहिले. सर्व वृद्धांना भेडसावणारे त्रेसष्टावे वर्ष आपण सुखरूप ओलांडले, याचा आनंद त्यात आहे. दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियसने ते पत्र आपल्या ग्रंथात जपून ठेवले. पुढे काय घडले? आजोबा पंचाहत्तर वर्षे जगले. नातू मात्र आर्मेनियात जखमी झाला आणि इ. स. ४ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, मरण पावला. त्याचे वय सातच्या पाढ्यातही नव्हते, नऊच्याही नव्हते.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. कारण त्याच वर्षी आमचा धाकटा भाऊ गेला, वय चोपन्न. "दादा, एकदा येऊन जा," असा त्याचा निरोप दोनदा आला होता. "हे वर्ष सरू दे, मग येतो," असे आम्ही कळविले होते. वर्ष सरले; आम्ही धडधाकट आहोत. वहिनींसमोर बसलो, तेव्हा मान वर करवेना.

आपले दिवस मोजण्यास शिकव, अशी विनवणी नव्वदाव्या स्तोत्रात आहे. आम्ही मोजले खरे. पण केवळ स्वतःचेच.

आता कोणाचाही निरोप आला, की आम्ही त्याच दिवशी निघतो.