एकटीच? हो, एकटीच!

"एकटीच जाणार? मग तुझे फोटो कोण काढणार?" ऑफिसमधला हा प्रश्न आता पाठ झालाय. अहो, माझे फोटो हवेत कुणाला!

सप्टेंबरातला शनिवार. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचं कास पठार, 2012 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं. ग्रुपबरोबर दोनदा येऊन गेले होते, पण दोन्ही वेळा सेल्फी, कणसं आणि 'चला, उशीर होतोय'! यावेळी घाई करणारं कुणीच नव्हतं. (आईला मात्र रेंज मिळेल तिथून फोन.)

'सीतेची आसवं' हे फूल जेमतेम नखाएवढं. लांबून नुसता जांभळा पट्टा दिसतो. जवळून टिपायचं तर पायवाटेवरच पालथं पडायचं आणि वारा थांबेपर्यंत श्वास रोखायचा. लोक बघतात. बघू देत! या नाजूक बाईसाहेब चक्क मांसाहारी आहेत. कातळावरच्या पातळ मातीत पोषण कमी, म्हणून ओल्या मातीतल्या इवल्याशा पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडतात.

वाटेपासून तीन पावलं आत याहून देखणा झुपका होता. पण तीन पावलांत किती फुलं चिरडली असती? वाटेवरूनच झूम केलं. फोटो जरा धूसर आलाय. तोच डेस्कटॉपवर लावलाय.